मनगटावरचा घाम आणि घड्याळाचा पट्टा

वैशाख सरत आला की गोव्याच्या किनाऱ्यावर हवा इतकी दमट होते की अंगावरचा घाम वाळतच नाही. अशा दिवसांत चामड्याचा पट्टा घाम पितो, त्यास कुबट वास येतो व तो लवकरच कुजतो. म्हणून पुष्कळजण रबरी पट्टा पसंत करतात. ते योग्यच होय. परंतु रबर जसे घाम पीत नाही, तसे त्यास बाहेरही जाऊ देत नाही. कोंडलेल्या घामाने त्वचेवर पुरळ उठते. यास्तव पट्टा घेताना आम्ही रंगाआधी त्याची आतली बाजू पाहतो. तीवर खाचा असाव्यात आणि पट्ट्यास आरपार भोकेही असावीत. उष्म्याने मनगट किंचित फुगते. तेव्हा बक्कलाची छिद्रे जवळजवळ असलेली बरी. सिलिकोन मऊ खरे, पण त्यास धूळ फार चिकटते. फ्लोरिनयुक्त रबर महाग, तथापि घामातेलाने सहसा बिघडत नाही. नैसर्गिक रबराने ज्यांस खाज सुटते, त्यांनी ते टाळावे. रुंदी १८, २० की २२ मिलिमीटर, हे घड्याळावर मोजूनच दुकानात जावे. आणि एवढे करूनही, रात्री पट्टा साबणाने धुऊन सावलीत वाळवावा व मनगटास मोकळा वारा लागू द्यावा, हे आम्ही आवर्जून सांगतो.