‘पिकगार्ड’ची बदली : नाम आणि कार्य यांतील अंतराचे एक उदाहरण

१

वस्तूचे नाव बहुधा तिच्या आरंभीच्या स्वरूपावरून वा कार्यावरून पडते. पुढे ती वस्तू पालटते, परंतु नाव टिकून राहते, ही गोष्ट भाषाभ्यासकांस अपरिचित नाही. ‘तेल’ हा शब्द मूळचा तिळाच्या स्नेहद्रव्याचा. पण करडईचे तेल म्हणताना तिळाचे स्मरण कोणास होत नाही. ‘शाई’ या शब्दात फारसी ‘सियाह’ म्हणजे ‘काळा’ हा अर्थ दडलेला असूनही ‘लाल शाई’ हा प्रयोग कानास खटकत नाही. अशा विस्मृतीने बोलणाऱ्याचे काहीच बिघडत नाही. परंतु नावावर विसंबून वस्तू उघडू पाहणाऱ्याचे मात्र बिघडू शकते. इलेक्ट्रिक गिटारवरील ‘पिकगार्ड’ हा भाग या दृष्टीने उद्बोधक आहे. जुना पिकगार्ड काढून त्याजागी नवा बसविताना हे नाव कोठे वाट दाखविते आणि कोठे चकविते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

२

‘पिक’ म्हणजे गिटारची तार छेडण्याचा लहानसा चपटा तुकडा. सतारीच्या नखीचे काम तो करतो. त्याच्या घर्षणापासून लाकडाचे रक्षण करणारा तो ‘पिकगार्ड’. हा अमेरिकन शब्द होय. इंग्लंडमध्ये त्याच भागास ‘स्क्रॅचप्लेट’ म्हणतात. पहिल्या नावात इजा करणाऱ्या साधनाचा निर्देश आहे, तर दुसऱ्यात प्रत्यक्ष इजेचा, म्हणजे ओरखड्याचा. फ्लामेंको शैलीत वादक बोटांनी गिटारच्या अंगावर ठोके देतो. म्हणून तेथील आवरणास स्पॅनिश भाषेत ‘गोल्पेआदोर’ हे नाव आहे, आणि ‘गोल्पे’ म्हणजे आघात. तिन्ही नावांत एक समान गृहीत आहे : हा भाग हात आणि लाकूड यांच्यामधील केवळ आवरण असून तो काढला तरी वाद्य वाजतच राहील.

हे गृहीत कोठे खरे ठरते, हे तीन प्रसिद्ध गिटारींच्या रचनेवरून स्पष्ट होते. कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथील फेंडर कंपनीच्या ज्या गिटारीस १९५१ पासून ‘टेलिकास्टर’ हे नाव मिळाले, तिच्या मूळ रचनेत पिकगार्ड हा नावाप्रमाणेच केवळ रक्षक होता. तारेच्या कंपनाचे विद्युत्‌संकेतात रूपांतर करणारे जे चुंबकीय ‘पिकअप’, त्यांपैकी मानेजवळचा सरळ लाकडात बसविलेला होता, आणि आवाजाची नियंत्रणे एका स्वतंत्र धातूच्या पट्टीवर होती. गिब्सन कंपनीच्या १९५२ च्या ‘लेस पॉल’ गिटारीचा दर्शनी भाग फुगीर असल्यामुळे तिचा पिकगार्ड लाकडास न चिकटता कंसाच्या आधाराने अधांतरी राहतो. अनेक वादक तो काढूनच ठेवतात. गिटारीचे काही अडत नाही.

१९५४ च्या ‘स्ट्रॅटोकास्टर’मध्ये मात्र स्थिती पालटली. तीन पिकअप, तीन नियंत्रणे आणि पिकअप निवडण्याची कळ ही सर्व सामग्री पिकगार्डवरच टांगण्यात आली. लाकडात केवळ तिच्यासाठी पोकळी कोरली गेली. कारखान्याच्या दृष्टीने ही सोय मोठी होती, कारण विद्युत्‌भाग स्वतंत्रपणे जोडून अखेरीस लाकडावर बसविता येत होता. अर्थाच्या दृष्टीने पाहता येथे रक्षकाचा सांगाडा झाला. नाव तेच राहिले; परंतु हा ‘रक्षक’ काढला की वाद्य मुके होते.

३

म्हणून स्ट्रॅटोकास्टरच्या पिकगार्डची बदली हे आवरण बदलण्याचे नव्हे, तर स्थलांतराचे काम आहे. तारा काढून सर्व स्क्रू सोडविल्यावर गार्ड उचलावयाचा. परंतु २२ फ्रेटच्या मानेचे टोक पुष्कळदा त्याच्या काठावर आलेले असते, आणि अशा वेळी गार्ड ओढून न काढता मानेचे बोल्ट सैल करणे इष्ट. कंप देणारी हलती घोडी असलेल्या नेहमीच्या रचनेत गार्डवरील सामग्री उर्वरित गिटारीशी केवळ तीन तारांनी बांधलेली असते : दोन बाहेर जाणाऱ्या संकेताच्या सॉकेटकडे जातात, आणि तिसरी घोडीच्या स्प्रिंगा धरणाऱ्या मागील धातूच्या पंज्याशी डाखलेली असते. या तीन जोडांची नोंद करून ते सोडविले की सर्व रचना हाती येते. तिच्यातील आपापसांतले जोड उकलण्याचे कारण नाही. बटणे, नटे व पिकअपचे स्क्रू काढून सारी जुळणी जशीच्या तशी नव्या गार्डवर उतरविता येते. पिकअपांचा क्रम मात्र पालटता कामा नये.

बाह्य विद्युत्‌क्षेत्रामुळे होणारी घरघर कमी करण्यासाठी गार्डच्या मागे धातूचा पातळ पत्रा लावलेला असतो. नव्या गार्डवर तो नसल्यास लावावा आणि भूसंपर्काशी जोडावा. परंतु त्याची कड संकेताच्या उघड्या जोडास टेकली तर गिटार सर्वस्वी निःशब्द होते. ‘रक्षक’ हे नाव येथे एका निराळ्याच अर्थाने सार्थ होते : पिकपासून नव्हे, तर गोंगाटापासून रक्षण.

४

आतापर्यंतची चूक सुधारता येण्याजोगी असते. स्क्रूच्या छिद्रांची गोष्ट तशी नाही, आणि या कामातील खरा धोका तेथेच आहे. १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टरचा गार्ड एकपदरी असून ८ स्क्रूंनी बसत असे. १९५९ मध्ये तिपदरी गार्ड आणि ११ स्क्रू आले. टेलिकास्टरच्या बाबतीतही त्याच वर्षी ५ चे ८ झाले. ११ छिद्रांच्या जुन्या व अलीकडच्या आराखड्यांतही पूर्ण मेळ नाही. म्हणजे ‘स्ट्रॅटोकास्टरचा पिकगार्ड’ या एका नावाखाली परस्परांशी न जुळणाऱ्या अनेक वस्तू मोडतात.

यात द्रव्याचाही वाटा आहे. १९५९ नंतरचे काही वर्षांचे गार्ड सेल्युलॉइडचे होते. सेल्युलॉइड म्हणजे नायट्रोसेल्युलोज व कापूर यांचे मिश्रण. त्यास लवचिकपणा देणारा कापूर कालांतराने उडून जातो आणि द्रव्य आक्रसते. स्क्रूंनी जखडलेल्या गार्डला आक्रसण्यास वाव नसल्यामुळे ताण छिद्रांपाशी साठतो व तेथे चिरा पडतात. अशा गार्डवरून नव्या गार्डची मापे घेणे, म्हणजे सुरकुतलेल्या वस्त्रावरून अंगाचे माप घेण्यासारखे आहे. प्रमाण लाकडातील छिद्रांचे मानावे, गार्डचे नव्हे.

नवा गार्ड प्रथम एकही स्क्रू न लावता ठेवून तीन ठिकाणी तपासावा. मानेच्या खाचेशी त्याची कड सहज बसली पाहिजे. घोडीच्या पट्टीस त्याचा स्पर्श होता कामा नये, अन्यथा तिची हालचाल अडते. आणि दोन्ही टोकांच्या तारा चढवून पाहता त्या पिकअपच्या चुंबकांवरून गेल्या पाहिजेत. या तिन्ही कसोट्या उतरल्यावरही एखाददुसरे छिद्र पुढेमागे राहिले, तर निर्णयाचा क्षण येतो. जुने छिद्र कठीण लाकडाच्या काडीने व सरसाने बुजवून, सुमारे २ मिलिमीटर व्यासाचे नवे छिद्र शेजारी पाडता येते. किंवा गार्डचेच छिद्र कानशीने किंचित लांबट करता येते. नावाचा कौल पहिल्या मार्गास जाईल, कारण नवा, गुळगुळीत ‘रक्षक’ विद्रूप करणे कोणास रुचत नाही. परंतु गार्ड पुन्हा विकत मिळतो, लाकूड मिळत नाही. सबब जो भाग बदलता येतो त्यानेच तडजोड करावी. जुन्या व मौल्यवान वाद्याच्या बाबतीत तर या नियमास अपवाद असू नये. शिवाय काढलेला मूळ गार्ड, चिरलेला असला तरी, जपून ठेवावा. तोही त्या वाद्याच्या इतिहासाचा पुरावा आहे. मात्र सेल्युलॉइड ज्वलनशील असल्यामुळे तो उष्णतेपासून दूर, हवेशीर जागी ठेवणे अवश्य आहे.

५

या विवेचनावरून ‘पिकगार्ड’ हे नाव चुकीचे ठरते, असा निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. नावाचे काम वस्तू ओळखविण्याचे असते, ती वर्णन करण्याचे नसते. ‘लाल शाई’ म्हणणारा चूक करीत नाही. चूक होते ती नावास वर्णन समजून त्यानुसार कृती केल्यास. पिकगार्डच्या नावात लाकडाच्या रक्षणाचे आश्वासन आहे. परंतु बदलीच्या वेळी ते आश्वासन पाळण्याची जबाबदारी त्या पट्टीवर नसून ती बसविणाऱ्या हातावर असते.