चाच्यांचे खेळ आणि त्यांतला समुद्र

सतराव्या शतकाचा उत्तरार्ध आणि अठराव्या शतकाची पहिली पंचवीस-तीस वर्षे या काळातील कॅरिबियन समुद्र व्हिडिओ गेमच्या निर्मात्यांना 1980 च्या दशकापासून खुणावत आला आहे. तेथे बेटाबेटावर वेगळ्या राष्ट्राचे निशाण फडकत होते, अमेरिकेतील खाणींची चांदी भरून स्पॅनिश जहाजे मायदेशी निघत होती आणि युरोपातील राजांचे तह-करार बदलले की कालचा मित्र आज शत्रू ठरत होता. ज्या प्रकारच्या खेळांना ‘ओपन-वर्ल्ड’ म्हणतात, त्यांना असाच प्रदेश हवा असतो. अशा खेळात ठरलेल्या क्रमाने एकेक पायरी पार करण्याचे बंधन नसते. एक विस्तीर्ण जग समोर ठेवलेले असते आणि कोठे जायचे, कोणाशी वैर धरायचे, कोणते काम आधी हाती घ्यायचे हे खेळणाऱ्याने ठरवायचे असते. ‘रोल-प्लेइंग’ प्रकारात याला आणखी एक जोड मिळते: खेळणारा एका पात्राची भूमिका घेतो, त्या पात्राचे कौशल्य, नावलौकिक आणि साधनसंपत्ती अनुभवानुसार वाढत जाते आणि त्याने केलेल्या निवडींचे परिणाम पुढे त्यालाच भोगावे लागतात. चाच्याच्या आयुष्यात स्वातंत्र्य आणि परिणाम हे दोन्ही ओतप्रोत असल्याने हे दोन प्रकार येथे सहज एकत्र येतात.

या खेळांची तुलना बहुधा चित्रांची सफाई, कथेची लांबी किंवा तलवारबाजीची रंगत यांवरून केली जाते. या गोष्टी महत्त्वाच्या आहेतच. परंतु चाच्याच्या खेळाला लावायची खरी कसोटी वेगळी आहे, आणि ती म्हणजे त्या खेळातला समुद्र काही ठरवतो की नाही ही. वारा प्रतिकूल असला म्हणून बेत बदलावा लागतो का, पिण्याचे पाणी आणि खलाशांचा संयम संपत आला म्हणून नाइलाजाने जवळचे बंदर गाठावे लागते का, की निळा पृष्ठभाग म्हणजे दोन बेटांमधले केवळ रिकामे अंतर असते, हे पाहिले की कोणता खेळ किती खोल आहे ते बरेचसे स्पष्ट होते.

या कसोटीवर सर्वांत जुना खेळ आजही पहिल्या रांगेत बसतो. ‘सिड मायर्स पायरेट्स!’ हा मायक्रोप्रोज कंपनीचा खेळ 1987 मध्ये प्रथम कोमोडोर 64 या घरगुती संगणकावर आला आणि 2004 मध्ये फिरॅक्सिस या संस्थेने त्याची नवी आवृत्ती काढली. काटेकोर व्याख्येनुसार तो रोल-प्लेइंग खेळ ठरत नाही, कारण त्यात नौकानयन, व्यापार, द्वंद्वयुद्ध आणि जमिनीवरील लढाई असे अनेक छोटे खेळ एकत्र गुंफलेले आहेत. तथापि एका माणसाचे संपूर्ण आयुष्य जगण्याचा जो अनुभव तो देतो, तो त्या प्रकारातील कितीतरी मोठ्या खेळांना साधलेला नाही. नायकाचे वय वाढते, उतारवयात त्याचा हात तलवारीवर पूर्वीसारखा चपळ राहत नाही आणि केव्हातरी त्याला निवृत्त व्हावे लागते. मूळ खेळात त्याच्या एकूण कमाईवरून आणि मानमरातबावरून निवृत्तीनंतरची गत ठरत असे आणि ती भिकाऱ्यापासून राजाच्या सल्लागारापर्यंत काहीही असू शकत असे. खेळ कोणत्या काळात सुरू करायचा याचीही निवड होती. 1560 मध्ये सुरुवात केली तर जवळजवळ सर्व बंदरे स्पेनची असत, आणि 1660 मध्ये केली तर इंग्रज, फ्रेंच व डच वसाहती चांगल्या रुजलेल्या दिसत.

या खेळातील वारा बारकाईने पाहण्याजोगा आहे. कॅरिबियन समुद्रावर व्यापारी वारे प्रामुख्याने पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात आणि खेळाने हे भौगोलिक सत्य जसेच्या तसे उचलले आहे. त्यामुळे पूर्वेकडील बेटांहून निघालेले गलबत शिडे फुगवून झपाट्याने पश्चिमेला पोहोचते. परंतु लूट भरून परतताना त्याला वाऱ्याच्या तोंडावर तिरके-तिरके, नागमोडी वळणे घेत यावे लागते आणि जो प्रवास जाताना सहज झाला, तोच येताना जिवावर येतो. येथे जहाजाची निवडही महत्त्वाची ठरते. चौकोनी शिडांचे अवजड गॅलियन वारा मागून असेल तेव्हाच आपले खरे बळ दाखवते, तर लहान, हलके स्लूप आपल्या उभ्या शिडांच्या जोरावर वाऱ्याच्या बरेच समोर जाऊ शकते. म्हणून तोफांनी खच्चून भरलेल्या जहाजाला एखादे स्लूप वाऱ्याची बाजू राखून सतावू शकते, आणि हे खेळणाऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही, दोन-तीन लढाया हरल्या की ते आपोआप समजते.

त्या परतीच्या प्रवासात खलाशांची कुरबूर सुरू होते. त्यांचे समाधान माणशी किती सोने गोळा झाले आणि घर सोडून किती काळ लोटला यांवर अवलंबून असते. मोहीम लांबली की काही जण पळून जातात, आणि शेवटी कप्तानाला लुटीची वाटणी करून सगळा ताफा मोडावा लागतो. वाटणीनंतर काही महिने निघून जातात आणि नव्या जहाजी मंडळींची जमवाजमव पुन्हा पहिल्यापासून करावी लागते. ऐतिहासिक चाच्यांच्या जहाजांवर वाटे आधी लेखी ठरवण्याची रीत होती, आणि तिच्यामागचे वास्तव, म्हणजे कप्तानाची सत्ता खलाशांच्या संमतीवर उभी असते हे, या खेळाने आकड्यांच्या एका साध्या व्यवस्थेतून नेमके पकडले आहे.

रोल-प्लेइंगच्या अंगाने हा धागा सर्वांत पुढे नेला तो मॉस्कोच्या अकेला या संस्थेने. तिचा ‘सी डॉग्ज’ हा खेळ 2000 मध्ये आला. त्याच्या पुढच्या भागाचे काम चालू असतानाच डिस्नेच्या चित्रपटाशी करार झाला आणि तो 2003 मध्ये ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ या नावाने प्रसिद्ध झाला, जरी चित्रपटाच्या कथेशी त्याचा संबंध अगदी पातळ होता. पुढे ‘एज ऑफ पायरेट्स’चे दोन भाग आणि ब्लॅकमार्क स्टुडिओने सिद्ध केलेला ‘सी डॉग्ज: टू ईच हिज ओन’ असा या मालिकेचा विस्तार झाला. या शेवटच्या खेळातील शार्ल द मोर हा फ्रेंच तरुण आपल्या भावाच्या शोधात मार्टिनिक बेटावर उतरतो तेव्हा त्याच्याजवळ जहाज नसते. भाऊ पैशाच्या प्रकरणात कैदेत असतो, आणि पहिले गलबत घेण्यापुरती रक्कम जमवण्यासाठी गावातील बारीकसारीक कामे करत हिंडावे लागते. त्याचे नौकानयनाचे कौशल्य जितके, तेवढ्याच वर्गाचे जहाज त्याला पेलते. त्याहून मोठे जहाज हाती आले तरी त्याची इतर कौशल्ये उणावतात, आणि म्हणून कागदावर तिप्पट तोफा असलेले जहाज प्रत्यक्षात गळ्यातला धोंडा ठरू शकते.

लढाईतही हीच शिस्त दिसते. जहाज बुडवायचे असेल तर साधे लोखंडी गोळे डागावेत. परंतु बुडालेल्या जहाजातून काहीच हाती लागत नाही, म्हणून अनुभवी खेळाडू प्रथम साखळीने जोडलेले गोळे मारून शिडे फाडतो, मग जवळ जाऊन छऱ्यांचा मारा करून डेकवरील माणसे कमी करतो आणि त्यानंतरच आकडे टाकून आपली माणसे त्या जहाजावर उतरवतो. त्या क्षणी दृश्य बदलते आणि खेळणारा स्वतः तलवार घेऊन डेकवर लढू लागतो. बंदरांचे व्यवहारही असेच तपशीलवार आहेत: प्रत्येक वसाहतीत कोणता माल स्वस्त, कोणता महाग आणि कोणत्या मालाला बंदी हे वेगवेगळे असते, आणि बंदी असलेला माल दारूच्या गुत्त्यात भेटणाऱ्या तस्करांमार्फत रात्री किनाऱ्यावर उतरवता येतो. या मालिकेत तांत्रिक दोष पुष्कळ होते, भाषांतर अनेकदा ओबडधोबड होते आणि नवख्याला ती जवळजवळ निर्दयपणे वागवते. तरीही तिच्या चाहत्यांनी 2003 च्या खेळावर ‘न्यू होरायझन्स’ नावाची भर वर्षानुवर्षे घातली, आणि 2021 मध्ये या खेळांमागील ‘स्टॉर्म’ या इंजिनाची, म्हणजे खेळ चालवणाऱ्या मूळ संगणकप्रणालीची, संहिताच सर्वांसाठी खुली झाली. इतकी निष्ठा केवळ सुंदर चित्रांना मिळत नाही.

सुंदर चित्रांच्या बाबतीत युबिसॉफ्टच्या ‘असॅसिन्स क्रीड 4: ब्लॅक फ्लॅग’ची बरोबरी फार थोड्यांना करता येईल. 2013 च्या या खेळात एडवर्ड केनवे हा वेल्समधील तरुण ‘जॅकडॉ’ नावाचे जहाज मिळवतो आणि 1715 नंतरच्या नासाऊ, हवाना व किंग्स्टन या नगरांत वावरताना त्याची गाठ ब्लॅकबिअर्ड, चार्ल्स वेन, अ‍ॅन बॉनी अशा ऐतिहासिक व्यक्तींशी पडते. दुर्बीण लावून दूरच्या जहाजात किती लाकूड, कापड आणि धातू आहे हे पाहायचे, ते जिंकायचे आणि त्याच मालाने ‘जॅकडॉ’ची बांधणी भक्कम करायची, हे चक्र मोहक आहे, खलाशी मधूनच सुरात गाऊ लागतात तेव्हा तर तासन्‌तास केवळ भटकावेसे वाटते. मात्र येथील वारा खेळणाऱ्याला फारसा अडवत नाही, खलाशी कधी वाटणी मागत नाहीत आणि केनवेचे आयुष्य लेखकांनी आधीच लिहून ठेवलेले आहे. तो उत्कृष्ट साहसी खेळ आहे. चाच्याची भूमिका निवडण्याचे स्वातंत्र्य त्यात थोडेच आहे.

याच्या अगदी उलट बाजूला जर्मनीतील एसेन येथील पिरान्हा बाइट्स या संस्थेचा ‘रायझन 2: डार्क वॉटर्स’ (2012) उभा आहे. माणसांशी वागणे, गुरू शोधून विद्या शिकणे, बेटावरील मूळ रहिवाशांकडून वूडू शिकायचे की सत्ताधाऱ्यांच्या बाजूला जाऊन बंदूक पत्करायची हे ठरवणे, या सर्वांत तो अस्सल रोल-प्लेइंग आहे, आणि नंतरची बरीच कथा त्या निवडीच्या रंगात रंगते. पण जहाज मिळाल्यावर नकाशावर बेट निवडले की प्रवास आपोआप उरकतो. चाच्यांच्या खेळात समुद्रावर लढाईच नसावी ही उणीव खरोखर मोठी आहे आणि 2014 च्या तिसऱ्या भागातील मोजक्या सागरी चकमकींनी ती भरून निघाली नाही.

ऑब्सिडियन या अमेरिकी संस्थेच्या ‘पिलर्स ऑफ इटर्निटी 2: डेडफायर’ने 2018 मध्ये वेगळा मार्ग काढला. त्यातील द्वीपसमूह काल्पनिक आहे, पण तेथील राजकारण ओळखीचे वाटते: स्थानिक हुआना लोक, दोन परस्परस्पर्धी व्यापारी कंपन्या आणि प्रिंचिपी नावाचे चाचे, अशा चौघांत बेटांवरील हक्कासाठी रस्सीखेच चालते. खलाशांना पगार, अन्न आणि पेय पुरवावे लागते आणि ते कमी पडले की त्यांचे मनोधैर्य खचते. जहाजांची लढाई मात्र पडद्यावर घडत नाही; ती मजकुराच्या रूपात, एकेका चालीने होते, आणि पुष्कळांना ती कोरडी वाटली. असे असले तरी चाच्यांच्या आतही मतभेद असतात, जुन्या राज्याची पुनर्स्थापना करू पाहणारा एक नायक आणि केवळ लुटीवर जगू पाहणारी दुसरी नायिका यांच्यात खेळणाऱ्याला निवड करावी लागते, हे या खेळाने जितक्या गांभीर्याने मांडले तितके क्वचितच कोणी मांडले असेल. रेअर या संस्थेच्या ‘सी ऑफ थीव्ह्ज’मध्ये (2018) तर पात्राची ताकद वाढतच नाही. नवख्याची आणि जुन्या खेळाडूची तलवार सारखीच असते. पण नकाशा डेकच्या खाली आणि सुकाणू वर असल्याने मित्रांना एकमेकांना ओरडून दिशा सांगावी लागते, आणि समुद्राची जाणीव त्यातून आपसूक येते.

‘स्कल अँड बोन्स’ हा युबिसॉफ्टच्या सिंगापूर येथील शाखेचा खेळ 2017 मध्ये जाहीर झाला आणि वारंवार लांबणीवर पडत अखेर फेब्रुवारी 2024 मध्ये आला. त्याने कॅरिबियन सोडून हिंदी महासागर निवडला, ही मराठी वाचकाच्या दृष्टीने विशेष गोष्ट होय. तथापि प्रसिद्ध झाला तेव्हा त्याच्या नकाशात आफ्रिकेचा किनारा, लाल बेट आणि ईस्ट इंडीज यांना स्थान मिळाले, कोकणाला मिळाले नाही. शिवाय जहाजावरून उतरून तलवारीने लढण्याची सोयही त्यात नव्हती. हिंदी महासागराच्या इतिहासाकडे पाहता ही संधी हुकल्याची खंत वाटते. 1695 मध्ये हेन्री एव्हरी याने मक्केहून सुरतेकडे परतणारे ‘गंज-इ-सवाई’ हे मोगल जहाज लुटले आणि त्याचा जाब सुरतेच्या इंग्रज वखारीला द्यावा लागला. त्यानंतर थोड्याच वर्षांत कान्होजी आंग्रे यांना इंग्रजांच्या कागदपत्रांत चाचा म्हटले जाऊ लागले, वास्तविक ते मराठा आरमाराचे सरखेल होते आणि आपल्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजांनी आपला परवाना घ्यावा एवढीच त्यांची मागणी होती. गोव्याचे पोर्तुगीज ‘कार्ताझ’ या नावाने तसलाच परवाना फार पूर्वीपासून सक्तीने देत आले होते, पण त्यांना कोणी चाचे म्हटले नाही. 1721 मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी मिळून कान्होजींच्या कुलाबा किल्ल्यावर केलेली स्वारीही फसली.

‘पायरेट्स!’ आणि ‘सी डॉग्ज’ या दोन्ही खेळांत एखाद्या राष्ट्राचा परवाना मिळाला की तीच लूट कायदेशीर ठरते. कान्होजींच्या काळच्या कोकणावर आधारलेल्या खेळात हा परवाना देणारा कोण, हाच प्रश्न कथेचा कणा होऊ शकेल. तेथील लढाईही वेगळी असेल, कारण वरील बहुतेक खेळांत जहाजे एकमेकांना बाजू देऊन तोफा डागतात, तर मराठ्यांचे उथळ बुडाचे गुराब नाळेवरच्या तोफांनी समोर मारा करत, आणि वारा पडला की वल्ह्यांवर चालणारी गलबते त्यांना ओढून शत्रूच्या पिछाडीला आणत असत, म्हणजे जेथे मोठ्या इंग्रजी जहाजाच्या तोफा पोहोचत नाहीत अशा जागी. शिवाय तेथे वारा वर्षभर एकाच दिशेने वाहणार नाही. पावसाळ्यात नैर्ऋत्येकडून येणारे वारे पश्चिम किनाऱ्यावरची वाहतूक जवळजवळ बंद पाडत, तेव्हा गलबते किनाऱ्यावर ओढून ठेवायची, त्यांची डागडुजी करायची, माणसांना पोसायचे आणि पावसाळा संपून ईशान्येचे वारे सुरू झाले की कोणत्या बंदरातून सर्वांआधी बाहेर पडायचे याचा बेत कुलाब्यात किंवा विजयदुर्गात बसून आखायचा, हे सर्व खेळणाऱ्याला दरवर्षी नव्याने करावे लागेल.