बोकडाची कवटी कशी तयार कराल?

शेळीला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, हे मुले वाचून पाठ करतात. खरी कवटी हाताळली की ते पाठ करावे लागत नाही. आणि कवटी शाळेत तयार करता येते, फक्त घाई करायची नाही.

आम्ही ती केली होती. पहिली कवटी दोन तास खळखळ उकळली आणि रात्रभर ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात ठेवली. ती पांढरीशुभ्र झाली खरी, पण काही दिवसांतच नाकाची पातळ हाडे हात लावताच भुगा होऊ लागली.

असे का झाले? हाडात खनिज असते, तसेच कोलॅजेन नावाचे प्रथिन असते. खनिजामुळे हाड कडक होते, कोलॅजेनमुळे चिवट. फार उकळले की कोलॅजेनचे जिलेटिन होऊन ते पाण्यात उतरते. पायाचे सूप गार झाल्यावर थिजते ते यामुळेच. उरलेल्या कोलॅजेनची वाट ब्लीचिंग पावडर लावते. मागे राहतो तो खडूसारखा ठिसूळपणा.

दुसऱ्या वेळी आम्ही काम जिवाणूंवर सोपवले. मटणाच्या दुकानात मुंडी न भाजता, न फोडता द्यायला सांगितले; एरवी भेज्यासाठी ती फोडतातच. कातडी, जीभ आणि निघेल तेवढे मांस काढले. मागच्या मोठ्या भोकातून तार फिरवून व पाणी घालून मेंदू बाहेर काढला. मग मुंडी झाकणाच्या बादलीत साध्या पाण्यात बुडवून वर्गापासून लांब ठेवली. वास येतोच! दर तीन-चार दिवसांनी निम्मेच पाणी बदलले, कारण सगळे बदलले तर जिवाणूही जातात. उन्हाळ्यात सुमारे तीन आठवड्यांत हाडे मोकळी झाली, शिंगांच्या खोळीही सुटल्या.

नंतर चरबी निघण्यासाठी कवटी भांड्यांच्या साबणाच्या कोमट पाण्यात आठवडाभर ठेवली. शेवटी ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये एक दिवस, झाकण सैल ठेवून. मग धुऊन सावलीत वाळवली.

काही पथ्ये पाळायलाच हवीत. चाकूचे काम शिक्षकांनी करावे, हातमोजे घालावेत, घाण पाणी खड्ड्यात पुरावे. मरून पडलेल्या जनावराचे डोके घेऊ नये. अँथ्रॅक्ससारख्या रोगाचा धोका असतो. वन्य प्राण्याची कवटी तर नकोच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा तो प्रश्न आहे.

आणखी एक. पाणी दर वेळी गाळणीतूनच ओता. खालच्या जबड्यातले पुढचे आठ दात एकमुळी असतात, ते सुटून तळाशी जातात. याच दातांनी शेळी पाला वरच्या कडक हिरडीवर दाबून तोडते. त्यांतले कायमचे किती आले यावरून बाजारात बोकड दोनदाती की चारदाती हे सांगतात, म्हणजे वयाचा अंदाज करतात. दात जागेवर चिकटवा आणि मुलांनाच विचारा: आपला बोकड किती दाती होता?