झेंगच्या पासष्ट घंटा

चीनच्या हूबेई प्रांतात, स्वेईचौ शहराजवळ १९७७ मध्ये टेकडी सपाट करताना एक प्राचीन कबर सापडली. ती झेंग या छोट्या राज्याचा अधिपती यी याची होती. पुढच्या वर्षी उत्खनन झाले, तेव्हा पाणी भरलेल्या दालनात कांस्याच्या ६५ घंटा होत्या आणि बहुतेक अजूनही आपल्या तीनमजली चौकटीवर टांगलेल्या होत्या. सर्वांत लहान घंटा अडीच किलोची, तर सर्वांत मोठी दोनशे किलोंहून जड. एका घंटेवरील लेखानुसार ती चू राज्याच्या हुई राजाने आपल्या कारकिर्दीच्या ५६व्या वर्षी, म्हणजे इ.स.पू. ४३३ मध्ये यीसाठी घडवून घेतली होती.

या घंटांना लोलक नाही. त्या बाहेरून ठोक्याने वाजवतात. तोंड गोल नसून बदामाच्या आकाराचे आहे. त्यामुळे नाद लवकर विरतो आणि पुढच्या स्वरात मिसळत नाही. याच आकारामुळे एका घंटेतून दोन स्वतंत्र स्वर निघतात: मध्यावर ठोका दिला की एक, बाजूला दिला की दुसरा. दोहोंतले अंतर साधारणपणे षड्जापासून कोमल किंवा शुद्ध गांधाराइतके असते. संगीततज्ज्ञ ह्वांग शियांगपेंग यांनी जुन्या घंटा तपासून हे आधीच सुचवले होते, पण अनेकांना तो योगायोग वाटला. यीच्या घंटांवर दोन्ही जागी स्वरांची नावे कोरलेली निघाली आणि शंकेला जागा उरली नाही.

सगळा संच पाच सप्तकांचा आहे आणि त्याच्या मधल्या भागात बाराही स्वर मिळतात. घंटांवर अडीच हजारांहून अधिक अक्षरे आहेत. एकाच स्वराला झेंगमध्ये काय म्हणत आणि चू, जिन, छी या राज्यांत काय म्हणत, याची तुलनाही त्यांत आहे. म्हणजे वेगवेगळ्या परंपरांचा मेळ घालणारे स्वरशास्त्र तेव्हा तयार होते.

फ्रेंच चीनविद्यातज्ज्ञ एदुआर शावान यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस असे मांडले होते, की चीनची बारा स्वरांची पद्धत अलेक्झांडरच्या स्वारीनंतर ग्रीकांकडून आली. घंटा पुरल्या गेल्या तेव्हा अलेक्झांडर जन्मायला अजून पाऊणशे वर्षे होती. स्वरशास्त्राचा उगम ग्रीसमध्ये गृहीत धरून बाकीच्या जगात त्याच्या शाखा शोधणाऱ्या इतिहासाला या एका तारखेचे उत्तर द्यावे लागते.