आभाळातून उडी मारणाऱ्यांची शाळा

विमानातून उडी मारणे म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर एकतर फौजेतील छत्रीधारी जवान येतो, नाहीतर सिनेमातील नायक. पण अमेरिका, युरोप आणि आता आखातातही हजारो सामान्य माणसे सुट्टीच्या दिवशी हौस म्हणून ही उडी मारतात. त्यांत नर्स असतात, गवंडी असतात, बँकेतील कारकून असतात आणि आमच्यासारखे शिक्षकही असतात. या हौसेला स्कायडायव्हिंग म्हणतात. हा नुसता धाडसाचा खेळ असता तर त्यावर लिहिण्याचे आम्हांला काही कारण नव्हते. पण या खेळात इयत्ता आहेत, परीक्षा आहेत, वह्या आहेत आणि नापास होणेही आहे. म्हणजे ही एक शाळाच आहे आणि शाळा म्हटली की आमचे लक्ष तिकडे जातेच.

आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी नोकरीनिमित्त अमेरिकेत ॲरिझोना राज्यात असतो. त्या राज्यात फिनिक्स आणि टूसॉन या दोन शहरांच्या दरम्यान एलॉय नावाचे गाव आहे. कोरडे वाळवंट, वर्षातील बहुतेक दिवस स्वच्छ आभाळ, म्हणून स्कायडायव्हिंगच्या जगात त्या गावाचे नाव मोठे आहे. आमच्या या विद्यार्थ्याला तिकडे गेल्यावर हा शौक लागला. सुट्टीत गावी आला तेव्हा त्याने आपले लॉगबुक आणून आमच्यासमोर ठेवले. प्रत्येक उडीचा क्रमांक, तारीख, उंची, काय शिकलो, काय चुकले आणि खाली प्रशिक्षकाची सही. वर्गात ज्याची वही कधी पूर्ण नसायची त्याची ही वही पाहून आम्हांला हसूही आले आणि बरेही वाटले.

इयत्ता आणि परीक्षा

आधी थोडा इतिहास. २२ ऑक्टोबर १७९७ रोजी पॅरिसमध्ये आंद्रे-जाक गार्नेरां हा फ्रेंच माणूस फुग्यातून वर गेला आणि कापडी पॅराशूटने खाली आला. ते पॅराशूट इतके हेलकावे खात होते की पाहणाऱ्यांचा जीव टांगणीला लागला. पुढे दीडशे वर्षांहून अधिक काळ पॅराशूट म्हणजे गोल छत्रीच होती. ती माणसाला वाचवायची, पण वारा नेईल तिकडे न्यायची. १९६४ च्या सुमारास डॉमिना जाल्बेर यांनी हवेने फुगणाऱ्या कप्प्यांचे चौकोनी पॅराशूट तयार केले. हे पॅराशूट पंखासारखे उडते, वळते आणि जमिनीजवळ आले की दोन्ही दोऱ्या खाली ओढून त्याला ब्रेक लावता येतो. आजचे हौशी उडी मारणारे हेच वापरतात.

पर्यटक मंडळी प्रशिक्षकाच्या पोटाशी बांधून घेऊन जी उडी मारतात तिला टँडम म्हणतात. ती उडी म्हणजे दुसऱ्याच्या मोटारीत बसून फिरणे. स्वतः शिकायचे तर अमेरिकेत वयाची १८ वर्षे पूर्ण हवीत. पहिला दिवस जमिनीवर, वर्गात जातो. शरीर कमानीसारखे कसे ठेवायचे, उंची दाखवणारे घड्याळ कधी पाहायचे, पॅराशूट नीट उघडले नाही तर काय करायचे, हे लोंबत्या हार्नेसमध्ये टांगून पुनःपुन्हा घोकून घेतात. मग साधारण तेरा हजार फुटांवरून पहिली उडी. दोन्ही बाजूंना एकेक प्रशिक्षक विद्यार्थ्याला धरून असतो. दहा-बारा सेकंदांत खाली येण्याचा वेग ताशी सुमारे १९० किलोमीटर होतो आणि मग तो वाढत नाही, कारण हवेचा विरोध आणि वजन यांची बरोबरी होते. विद्यार्थ्याने साडेपाच हजार फुटांच्या आसपास पॅराशूट उघडायचे असते. एखादा टप्पा जमला नाही तर तो टप्पा पुन्हा. तिथे वशिला चालत नाही आणि ग्रेस मार्कही नाहीत.

अमेरिकेत या खेळाची संघटना, युनायटेड स्टेट्स पॅराशूट असोसिएशन, चार परवाने देते. ए परवान्याला किमान २५ उड्या, बी ला ५०, सी ला २०० आणि डी ला ५००. नुसत्या उड्या मोजून भागत नाही. ए परवान्यासाठी स्वतःचे पॅराशूट स्वतः घडी घालता आले पाहिजे, ठरवलेल्या जागेच्या वीस मीटरच्या आत उतरून दाखवले पाहिजे आणि लेखी व तोंडी परीक्षा द्यावी लागते. अंगात पंखांचा पोशाख घालून उडण्याची हौस असेल तर आधी २०० उड्या करा, असा नियम आहे. आमच्या विद्यार्थ्याला ए परवाना मिळायला आठ महिने लागले. वारा वाढला की विमान उडत नाही आणि सगळे दिवसभर नुसते बसून राहतात. त्याच्या म्हणण्याप्रमाणे या खेळात उडी शिकण्याआधी सबर शिकावा लागतो.

पाठीवरचे दप्तर

उडी मारणाऱ्याच्या पाठीवरच्या दप्तरात दोन पॅराशूट असतात, मुख्य आणि राखीव. मुख्य पॅराशूट उडी मारणारा स्वतः घडी घालू शकतो. राखीव मात्र परवानाधारक रिगरच बांधतो. अमेरिकेत ते दर १८० दिवसांनी उघडून, तपासून, पुन्हा बांधावे लागते, एकदाही वापरले नसले तरी. मुख्य पॅराशूट बिघडले तर एक मूठ ओढून ते सोडून द्यायचे आणि दुसरी मूठ ओढून राखीव उघडायचे. मुख्य पॅराशूट झटक्यात सुटावे म्हणून खांद्यापाशी एकात एक अडकवलेल्या तीन कड्या असतात. १९७० च्या दशकात बिल बूथ यांनी ही युक्ती काढली. ओढण्याचे प्रचंड वजन या कड्या टप्प्याटप्प्याने इतके कमी करतात की शेवटी एका बारीक दोरीच्या फासावर ते थांबते आणि हाताच्या एका ओढीने सुटते.

माणूस बेशुद्ध पडला किंवा त्याला उंचीचे भान राहिले नाही तर? त्यासाठी एक छोटे यंत्र असते. जर्मनीत तयार झालेले सायप्रेस हे असे यंत्र १९९१ मध्ये बाजारात आले. सुमारे ७५० फुटांवरही माणूस अतिवेगाने खाली येत असेल तर हे यंत्र आपणहून राखीव पॅराशूटचा बंद कापते. त्यामुळे अनेकांचे प्राण वाचले आहेत.

नवे दप्तर सगळ्या सामानासह घ्यायचे तर सात ते दहा हजार डॉलर सहज लागतात. म्हणून बहुतेक नवशिके आधी भाड्याने आणि मग जुने सामान घेतात. आमच्या विद्यार्थ्याला त्याच्या प्रशिक्षकाने खरेदीचा क्रम सांगितला होता. आधी अंगाला नीट बसणारे हार्नेस आणि ते यंत्र, मग आपल्या वजनाला पुरेल असे राखीव, मग मुख्य आणि रंग सर्वांत शेवटी. जुने सामान घेताना रिगरला दाखवल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. आपल्याकडे लग्नाच्या खरेदीत हा क्रम नेमका उलटा असतो, हे आम्ही त्याला बोलून दाखवले.

लहान पंखाचा मोह

आता खऱ्या धोक्याकडे येऊ. लोकांना वाटते की पॅराशूट उघडत नाही म्हणून माणसे मरतात. तसेही घडते. पण गेल्या काही दशकांत बरेच मृत्यू पूर्ण उघडलेल्या, निर्दोष पॅराशूटखाली झाले आहेत. माणूस जमिनीजवळ येऊन जोरात वळतो, पंख एका बाजूला कलतो, वेग एकदम वाढतो आणि सावरायला उंची उरलेली नसते.

याचे गणित सोपे आहे. माणसाचे सामानासह वजन पौंडात घ्या आणि पॅराशूटच्या चौरस फुटांनी भागा. आमच्या विद्यार्थ्याचे वजन ७५ किलो, सामान १२ किलो, म्हणजे ८७ किलो, म्हणजे सुमारे १९२ पौंड. २३० चौरस फुटांच्या पॅराशूटवर उत्तर ०.८३ येते. १९० वर सुमारे १. आणि १५० वर जवळजवळ १.२८. आकडा जितका मोठा तितका पंख वेगवान, वळण तीव्र आणि चुकीला माफी कमी. नवशिक्याने १ च्या पुढे जाऊ नये, असे जाणकार सांगतात.

सत्तर उड्या झाल्या असताना त्याला कोणीतरी १५० फुटांचे जुने पॅराशूट निम्म्या किमतीत देऊ केले. देखणे, निळे-पांढरे. प्रशिक्षकाने साफ नकार दिला. स्वारीला राग आला. त्याने आम्हांला फोन केला, "सर, मी रोज उभ्याने उतरतो. एकदाही पडलो नाही. मग अडचण काय?"

आम्ही विचारले, "वारा बदलला, समोर अचानक दुसरा माणूस आला आणि पन्नास फुटांवर वळावे लागले, असे किती वेळा झाले?"

"एकदाही नाही."

"मग ज्या धड्याची परीक्षा झाली नाही, त्यात तू पास कसा?"

तो गप्प झाला. त्याने ते पॅराशूट घेतले नाही. पॅराशूट चालवण्याचा वेगळा वर्ग केला आणि पुढच्या शंभर उड्या १९० वरच मारल्या. त्याच मोसमात दुसऱ्या एका तरुणाने घाई केली आणि मांडीचे हाड मोडून घेतले. बिरादरीतले सगळे आळीपाळीने त्याच्या दवाखान्यात जाऊन बसत होते.

मैदानावरची बिरादरी

या लोकांचे आपसांतले जग पाहण्यासारखे आहे. विमानात चढण्यापूर्वी प्रत्येकाच्या पाठीवरच्या पिना आणि छातीवरच्या मुठी दुसरा कोणी तपासतो. पाचशे उड्यावाल्याची पाठ वीस उड्यावाला तपासतो आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. उडीआधी सगळे तळहाताला तळहात लावतात. निरोप घेताना "निळे आभाळ लाभो" अशा अर्थाचे शब्द बोलतात. मोठ्या शेडमध्ये गालिच्यांवर पॅराशूट पसरून घड्या घालत गप्पा चालतात.

एक प्रथा मात्र आपल्या घरांना खटकणारी आहे. कोणतीही गोष्ट पहिल्यांदा केली, पहिली उडी, पहिला परवाना, की त्याने सर्वांना बिअर पाजायची. अर्थात शेवटचे विमान उतरेपर्यंत कोणी बाटलीला हात लावत नाही, हा नियम कडक आहे. आमच्या विद्यार्थ्याने सरळ सांगितले की मी पीत नाही आणि पाजणारही नाही. मग काय? त्याने आइस्क्रीमचा मोठा डबा आणि खजूर नेले. वाळवंटातील उन्हात आइस्क्रीम आधी संपले. पुढच्या वेळी लोकांनीच विचारले, "तुझे पुढचे पहिले काही कधी आहे?"

आणखी एक गोष्ट शिक्षक म्हणून आम्हांला फार मोलाची वाटते. संघटनेच्या पॅराशूटिस्ट या मासिकात अपघातांची चिकित्सा छापतात. नाव नाही, बदनामी नाही, फक्त काय घडले आणि त्यातून काय शिकायचे. याचा परिणाम आकड्यांत दिसतो. १९७० च्या दशकात अमेरिकेत वर्षाला सरासरी चाळीसहून अधिक माणसे या खेळात दगावत. २०२३ मध्ये सुमारे ३६ लाख ५० हजार उड्यांत १० मृत्यू झाले. दहा घरांचे दुःख लहान नाही, पण चुका लपवल्या असत्या तर ही घरे आणखी वाढली असती.

घरच्यांनी काय विचारावे

हा शौक केवळ परक्यांचा नाही. पुण्याच्या शीतल महाजन यांनी २००४ मध्ये उत्तर ध्रुवावर आणि २००६ मध्ये दक्षिण ध्रुवावर उडी मारली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये त्यांनी थायलंडमध्ये नऊवारी साडी नेसून उडी घेतली. तेव्हा उद्या आपल्या घरातील मुलगा किंवा मुलगी "मला उडी मारायची आहे" म्हणाली तर नवल नाही.

आमच्या विद्यार्थ्याने साठ उड्या होईपर्यंत अम्मीला काही सांगितले नव्हते. अब्बा हयात नाहीत, अम्मी घाबरेल, ही त्याची सबब. आम्ही म्हणालो, जी गोष्ट अम्मीपासून लपवावी लागते ती एकतर सोड, नाहीतर सांग. त्याने सांगितले. दोन दिवस त्या बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी फोनवर चार प्रश्न विचारले. "दुसरी छत्री कोण बांधतो? ती शेवटी कधी उघडून पाहिली? मोठी छत्री सोडून लहान घ्यायची घाई तुला कोण लावतो? आणि खाली उतरल्यावर फोन करशील की नाही?"

आम्ही इतकी माहिती वाचली, पण यापेक्षा नेमके प्रश्न आम्हांला सुचले नसते. त्यांत आम्ही दोनच जोडतो. आयुर्विम्याच्या पॉलिसीत अशा खेळांना संरक्षण आहे की नाही, हे विमा कंपनीकडून लेखी विचारून घ्या. आणि हौसेचा पैसा घरखर्च व बहीण-भावंडांची फी बाजूला काढल्यावर उरलेला असावा.

इतके करूनही कोणाचे मन मानत नसेल तर नाही म्हणण्याचा हक्क घरच्यांना आहेच. पण नकार किंवा इजाजत काहीही द्या, माहिती घेऊन द्या. मुलाने लपून मारलेल्या उडीत त्याची वही पाहणारे आणि घाई करू नकोस म्हणणारे घरचे कोणी नसते. आमचा विद्यार्थी आता प्रत्येक शनिवारी शेवटच्या उडीनंतर अम्मीला फोन करतो. इकडे तेव्हा रविवारची सकाळ असते आणि चहा व्हायचा असतो.