दुरून जवळ

भाऊबीजेला गौतमपुऱ्यास जाण्याचा आमचा नेम गेल्या कित्येक वर्षांत चुकलेला नाही. आमच्या धाकट्या भगिनीचे सासर तेथे आहे. इंदुराहून देपालपूरमार्गे निघाले की दोन्ही बाजूंना माळव्याची काळी जमीन पसरलेली दिसते. सोयाबीन निघून गेलेले असते, गव्हासाठी नांगरणी चाललेली असते आणि तारेवर एखादा नीलपंख ऐटीत बसलेला असतो. दसऱ्याला याच नीलकंठाचे दर्शन घडावे म्हणून इकडची मंडळी सकाळपासून आकाशाकडे डोळे लावून असतात. दिवाळीत मात्र तो बिचारा कोणाच्याच खिजगणतीत नसतो.

गौतमपुरा हे नाव मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांच्यावरून पडले. तळोद्याच्या बारगळ घराण्यातली ही कन्या माळव्यात आली आणि तिच्या नावाचे गाव येथे वसले. आपल्यासारख्या पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या मंडळींना या नावाचा थोडा अधिक जिव्हाळा वाटावा, हे स्वाभाविकच आहे. परंतु आज हे गाव ओळखले जाते ते हिंगोटासाठी. हिंगणबेटाच्या फळाचे वाळलेले कवच पोखरून त्यात दारू भरतात आणि पाडव्याच्या सायंकाळी गौतमपुऱ्याचा तुर्रा व शेजारच्या रुणजीची कलगी असे दोन पक्ष ते पेटते हिंगोट एकमेकांवर फेकतात. आम्ही हा खेळ नेहमी लांबूनच पाहत आलो. जवळ जाण्यात शहाणपण नाही, हे तेथे कोणी सांगावे लागत नाही. तेच शहाणपण दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही कसे विसरलो, त्याची ही हकीकत आहे.

गेल्या दिवाळीत पाडव्याच्या रात्री फराळाची ताटे उचलली जाताच भाच्याने एक काळी पिशवी आमच्यापुढे ठेवली. तीत एक जुना, परंतु नीट निगा राखलेला कॅमेरा होता. निकॉन कंपनीचा कूलपिक्स पी-९००, २०१५ साली बाजारात आलेला. तो त्याने एका परिचिताकडून निम्म्याहून कमी किमतीत घेतला होता. “मामा, उद्या पहाटे तळ्यावर जायचं. सारस आलेत, आणि बरोबर पिल्लूही आहे,” तो म्हणाला. भगिनीने तत्काळ बजावले, “जा खुशाल, पण ओवाळण्याच्या वेळेला घरात पाहिजेत दोघंही.”

या जातीच्या कॅमेऱ्याला ‘ब्रिज’ कॅमेरा म्हणतात, म्हणजे पूल. एका तीरावर खिशात मावणारा साधा कॅमेरा आणि दुसऱ्या तीरावर भिंगे बदलता येणारा व्यावसायिकाचा कॅमेरा, या दोहोंच्या मधला हा पूल. याचे भिंग बदलता येत नाही, परंतु ते इतके लांबवर पोहोचते की त्यामुळे त्यास ‘सुपरझूम’ हे दुसरे नाव मिळाले. पी-९०० चे भिंग २४ मिलिमीटरपासून २००० मिलिमीटरपर्यंत, म्हणजे ८३ पट लांबते. त्याच कंपनीच्या २०१८ सालच्या पी-१००० ने तर ३००० मिलिमीटरची मजल गाठली.

हे आकडे ऐकून आम्ही चकितच झालो. ६०० मिलिमीटरचे मोठ्या तोंडाचे व्यावसायिक भिंग तीन किलोच्या आसपास भरते आणि त्याची किंमत कित्येक लाखांत जाते. मग अवघ्या ९०० ग्रॅमच्या या यंत्रात दोन हजार मिलिमीटर कोठून आले? भाच्याने कागदावर चौकोन काढून खुलासा केला. आपल्या पिढीने वापरलेल्या रोळातल्या चित्राची चौकट ३६ बाय २४ मिलिमीटर असे. या कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी असलेले प्रकाशग्राही पटल जेमतेम सहा बाय साडेचार मिलिमीटरचे आहे, म्हणजे क्षेत्रफळाने सुमारे तिसावा हिस्सा. भिंगाची खरी नाभीय लांबी जास्तीत जास्त ३५७ मिलिमीटरच असते. पण पटल चिमुकले असल्यामुळे दृश्याचा इवलासा तुकडाच त्यावर मावतो, आणि मोठ्या चौकटीवर तेवढाच तुकडा टिपावयास जे भिंग लागले असते त्याची लांबी दोन हजार भरते. यात फसवणूक नाही, हा एक सौदा आहे. पल्ला मिळतो, त्याच्या बदल्यात प्रकाश द्यावा लागतो. लहान पटलावर प्रकाश थोडा पडतो, भिंग पूर्ण लांबवले की त्याचे छिद्रही अरुंद होते, आणि उजेड मंदावताच चित्रावर रवाळपणा दिसू लागतो.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता आम्ही तळ्यावर पोहोचलो. तळे म्हणजे पावसाचे पाणी साचून राहिलेली एक सखल जागा होती. ती नेमकी कोठे आहे हे आम्ही मुद्दामच लिहीत नाही. कारण पुढे येईलच. पाण्यावर विरळ धुके होते. वारकऱ्यांचे काळे थवे, त्यांच्यात मधूनच बुडी मारणारी टिबुकली, काठाच्या चिखलात लालचुटूक पायांचे शेकाटे आणि आमची चाहूल लागताच ओरडून साऱ्यांना सावध करणारी टिटवी, असा सगळा परिवार हजर होता. आणि पलीकडच्या काठाला, कापलेल्या सोयाबीनच्या धसकटांत, सारसांची जोडी उभी होती. लाल मान, राखाडी अंग, माणसाएवढी उंची! उडणाऱ्या पक्ष्यांत याहून उंच पक्षी जगात नाही. दोघांच्या पायांशी तांबूस मानेचे पिल्लू टिपत टिपत चालले होते.

अंतर दीडशे मीटरांचे असावे. भाच्याने तेथूनच दोन-चार छायाचित्रे घेतली. खरे तर तेवढे पुरे होते. हिशेब सोपा आहे. पूर्ण लांबवलेल्या या भिंगातून शंभर मीटरांवर सुमारे पावणेदोन मीटर रुंदीचे दृश्य दिसते, तर दीडशे मीटरांवर अडीच मीटरांहून थोडे अधिक. उभा सारस त्यात नखशिखांत मावतो. परंतु मनुष्याचा लोभ हिशेब मानीत नाही. “थोडं पुढे सरकू या, डोळाच घेऊ,” असे आम्हीच म्हणालो. भाचा बिचारा मामाचा शब्द मोडीना. बांधाच्या आडोशाने आम्ही चाळीस-पन्नास पावले पुढे गेलो.

सारस उडाले नाहीत. त्यांनी माना उंच केल्या, एकदा कर्णा फुंकावा तसे दोघे मिळून ओरडले आणि संथ, लांब ढांगा टाकीत पाण्याच्या दिशेने चालू लागले. ते पाण्यात उतरलेही. पिल्लू मात्र धसकटांच्या उंचवट्यामागे दबून बसले होते. ते मागेच राहिले. त्याला अजून उडता येत नव्हते. इतक्यात बांधावरून गावातली दोन कुत्री हुंगत येताना दिसली.

त्या वेळी आमच्या छातीत जे धस्स झाले ते लिहून सांगता यावयाचे नाही. शेजारच्या शेतात नांगर धरलेल्या एका वृद्ध शेतकऱ्याने हे सारे पाहिले होते. त्याने ढेकूळ फेकून कुत्र्यांना पिटाळले आणि आमच्याकडे येऊन, आवाज न चढवता, एवढेच म्हटले, “बाबूजी, अब पीछे हट जाओ.” हा शेतकरी पावसाळाभर त्या जोडीवर नजर ठेवून होता, हे मागाहून कळले. दोन अंड्यांपैकी हे एकच पिल्लू वाचलेले होते.

आम्ही मागे हटलो आणि बाभळीखाली जाऊन गुपचूप बसलो. पंधरा मिनिटे गेली, अर्धा तास गेला. सूर्य वर चढला, धुके विरले, सकाळचे कोवळे ऊन हातचे निघून गेले. पाऊण तासाने मादी पाण्याबाहेर आली, हळू आवाजात काहीसे पुटपुटली आणि उंचवट्यामागून ती तांबूस मान वर आली. तिघे एकत्र झाल्यावरच भाच्याने पुन्हा कॅमेरा डोळ्याला लावला. आम्ही तर तोपर्यंत त्याच्याकडे पाहण्याचेही धैर्य केले नव्हते.

त्या पाऊण तासात आमच्या मनात एक विचार घोळत राहिला. पूर्वीच्या छायाचित्रकारांना जवळ जावेच लागे. भारतात रेल्वेची नोकरी करून पक्ष्यांची छायाचित्रे घेणाऱ्या लोथर या इंग्रज गृहस्थाचे या विषयावरचे पुस्तक १९४९ साली निघाले. त्या जमान्यात भिंगांचा पल्ला तोकडा होता. पक्षी हमखास परत येईल अशी जागा म्हणजे घरटे. तेथेच लपणी उभारून तासन्‌तास बसण्यावाचून गत्यंतर नसे. आज आपल्या हाती एवढ्या लांबीचे भिंग आले आहे ते जवळ जाण्याची ती गरज संपावी म्हणून. ते हाती असूनही आपण पुढे पुढे सरकत राहिलो, तर यंत्र सुधारले आणि माणूस होता तेथेच राहिला, असेच म्हणावे लागेल.

ज्या घरांत असा कॅमेरा कपाटात पडून असेल, त्यांच्यासाठी भाच्याकडून शिकलेल्या चार गोष्टी येथे नमूद करतो. पहिली गोष्ट म्हणजे वेळ. सूर्योदयानंतरचे दोन तास सर्वांत उत्तम. ऊन तापले की जमिनीवरची हवा थरथरू लागते आणि दूरचा पक्षी पाण्यात बुडाल्यासारखा दिसतो. त्यावर कोणत्याही किमतीच्या कॅमेऱ्याचा इलाज चालत नाही. दुसरी गोष्ट आधाराची. इतक्या लांबीवर हाताचा किंचित कंपदेखील चित्र बिघडवतो. तिवई नसेल तर कापडी पिशवीत मूग किंवा ज्वारी भरून ती बांधावर वा मोटारीच्या खिडकीत ठेवावी आणि तीवर कॅमेरा टेकावा. पाठीमागच्या पडद्याकडे पाहत हात लांब करून चित्र घेण्यापेक्षा दृश्यदर्शकाला डोळा लावावा, म्हणजे कपाळाचाही आधार मिळतो. तिसरी गोष्ट पक्षी सापडण्याची. भिंग एकदम लांबवले तर चौकटीत नुसते गवत दिसते. आधी आखूड भिंगात पक्षी मधोमध आणावा आणि मग सावकाश लांबवत जावे. बसलेल्या पक्ष्यास सेकंदाचा पाचशेवा हिस्सा पुरतो, उडत्यास हजारावा तरी हवा. अर्थात उडता पक्षी या कॅमेऱ्याच्या आवाक्यात क्वचितच येतो, हे आधीच मान्य केलेले बरे. चौथी गोष्ट पांढऱ्या पक्ष्यांची. बगळ्याचे चित्र घेताना उजेडाचे माप थोडे कमी करावे, नाहीतर पिसांची सारी नक्षी चुन्याच्या भिंतीसारखी सपाट होते.

आणि या चारांहून वरची पाचवी गोष्ट आम्ही स्वतः शिकलो. पक्ष्याने मान उंच केली, खाणे थांबवले की समजावे, आपण मर्यादा ओलांडली. तेथेच थांबावे, किंबहुना दोन पावले मागे यावे. घरट्याचे चित्र घेऊ नये, आणि पिल्ले असलेली जागा चारचौघांत सांगत सुटू नये. आमच्यामागून आणखी दहा मामा तेथे पोहोचले तर त्या शेतकऱ्याने किती ढेकळे फेकावीत?

सारसाचे हे जपणे आपल्या मराठी मंडळींना विशेष ठाऊक असावयास हवे. महाराष्ट्रात हा पक्षी आता मुख्यतः गोंदिया-भंडारा भागातच, तोही अगदी थोड्या संख्येने उरला आहे. आमच्या इंदूर जिल्ह्याचे भाग्य असे की गंभीर नदीवरचा यशवंत सागर हे मध्य भारतातले सारसांचे एक मोठे आश्रयस्थान समजले जाते. २०२२ साली यशवंत सागर आणि सिरपूर तलाव या दोघांनाही रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत स्थान मिळाले. परंतु पक्षी यादी वाचून राहावयास येत नाही. तो सरकारी तलावाइतकाच एखाद्याच्या शेताच्या कडेलाही घर करतो, आणि तेथे त्याची राखण कोणी अनोळखी शेतकरी करीत असतो.

हौशी माणसाच्या साध्या छायाचित्रालाही आता किंमत आली आहे. २०२३ साली देशातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा जो मोठा अहवाल प्रसिद्ध झाला, त्यात ९४२ जातींचा विचार होता आणि त्यामागे सुमारे तीस हजार पक्षिनिरीक्षकांनी पाठवलेल्या नोंदी होत्या. त्यांत शिक्षक, विद्यार्थी, निवृत्त माणसे, गृहिणी असे सर्वच होते. ओळखण्यास कठीण पक्ष्याचे धूसर का होईना पण छायाचित्र असले, तर नोंद पडताळून पाहता येते. येथे ब्रिज कॅमेऱ्याचा खरा उपयोग आहे. भिंतीवर लावण्याजोगे चित्र तो दर वेळी देईल असे नाही, पण काय पाहिले याची साक्ष मात्र तो दुरून, कोणाला न दुखावता देतो.

घरी पोहोचण्यास आम्हांस दीड तास उशीर झाला. पाट मांडलेले होते, निरांजन विझून पुन्हा लावलेले होते. ओवाळून झाल्यावर भगिनीने कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर चित्र पाहिले. उन्हाच्या लाटांनी कडा थोड्या विरघळलेल्या, पिसे स्पष्ट नाहीत, डोळा तर दिसतच नव्हता. दोन उंच आकृती आणि त्यांच्या मधोमध एक बुटकी.

“एवढा उशीर केलात तो यासाठी?” ती म्हणाली. मग घडलेले सारे आम्ही तिला सांगितले, आमची चूकही सांगितली. तिने ते चित्र पुन्हा एकदा निरखून पाहिले आणि भाच्याला म्हणाली, “हेच मोठं करून आण. देवघराच्या बाजूच्या भिंतीवर लावू या.” जाताना तिने फराळाचा एक डबा वेगळा काढून ठेवला. तो त्या शेतकऱ्याच्या घरी पोहोचवूनच आम्ही इंदुराची वाट धरली.