शाळेत मुलाला छळतात? लेखी अर्ज द्या, सात दिवसांत चौकशी करणं मुख्याध्यापकांवर बंधनकारक आहे

कशेडी घाटाच्या अलीकडे पोलादपूर-महाड आणि पलीकडे खेड. या पट्ट्यातल्या आपल्या घरांमधली मुलं कुणी मराठी शाळेत जातात, कुणी उर्दू शाळेत. प्राथमिक शाळा संपली की अनेकांना हायस्कूलसाठी दुसऱ्या गावी जावं लागतं, एसटीने नाहीतर मिनिडोरने. घरातले पुरुष मुंबईला किंवा आखातात असतात. त्यामुळे शाळेत काही घडलं तर मुख्याध्यापकांसमोर उभी राहते ती बहुतेक वेळा एकटी आई.

काय घडतं, ते आपल्याला ठाऊक आहे. मुलगा रोज सकाळी पोट दुखतंय म्हणतो. मुलगी डबा तसाच परत आणते. वही फाटलेली असते आणि विचारलं तर उत्तर मिळत नाही. मग कधीतरी कळतं की वर्गात "पाकिस्तानी" म्हणून हाक मारतात, ओढणी खेचतात, डब्यात काय आहे यावरून टोमणे मारतात. दर वेळी कारण धर्माचंच असतं असंही नाही. कुणी जाड असतो, कुणी तोतरं बोलतो, कुणाचे कपडे जुने असतात. लहान मुलांचं मन मोडायला एवढं पुरतं. नाझिया इरम यांनी १२ शहरांतल्या १४५ कुटुंबांशी बोलून 'मदरिंग अ मुस्लिम' हे पुस्तक लिहिलं. मोठ्या शहरांतल्या, भरपूर फी घेणाऱ्या शाळांतही मुस्लिम मुलांना असे टोमणे ऐकावे लागतात, हे त्यातून समोर आलं. तेव्हा हा फक्त खेड्यातला प्रश्न नाही.

आई शाळेत जाते तेव्हा तिला बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं: "अहो, मुलं आहेत, भांडणारच." आई गप्प बसून घरी येते. त्रास थांबत नाही. शेवटी मुलाची शाळा बदलतात, आणि मुलगी असेल तर कधीकधी शाळाच सुटते. चूक दुसऱ्याची आणि शिक्षण गेलं आपल्या मुलीचं. हे थांबवता येतं, कारण शाळेच्या प्रमुखाने काय करायचं हे महाराष्ट्रात कायद्याने ठरवून दिलेलं आहे. ते आज आपण समजून घेऊ.

भांडण आणि छळ यात फरक आहे

दोन सारख्या ताकदीची मुलं मैदानात भांडली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एकत्र खेळली, तर ते भांडण. एकालाच निवडून, पुन्हा पुन्हा, चारचौघांत त्रास दिला, आणि त्याला परत उत्तर देता येत नाही, तर तो छळ. शिक्षकांनी भांडण मिटवावं, ते ठीकच. पण छळाच्या बाबतीत दोघांना समोरासमोर उभं करून "चला, हात मिळवा" म्हटलं तर दुबळ्या मुलाला आणखी भीती बसते. म्हणून शाळेत गेल्यावर हा फरक स्पष्ट सांगा: "सर, हे एकदाचं भांडण नाही. हे रोज चाललंय."

१९९९ चा कायदा: आपल्या हातातलं सगळ्यात उपयोगी हत्यार

रॅगिंग म्हटलं की आपल्याला मेडिकल आणि इंजिनिअरिंग कॉलेज आठवतं. पण महाराष्ट्राचा रॅगिंग प्रतिबंध कायदा, १९९९ फक्त कॉलेजपुरता नाही. त्यातल्या व्याख्येत महाविद्यालयाबरोबर शिक्षण देणारी इतर कोणत्याही नावाची संस्था येते. वसतिगृह, अनाथालय आणि शिकवणी वर्गही येतात. विद्यार्थ्याला शारीरिक किंवा मानसिक इजा होईल, भीती किंवा लाज वाटेल असं वागणं म्हणजे रॅगिंग. चिडवणं, शिव्या देणं, धमकावणं, मनाविरुद्ध काही करायला लावणं, हे सगळं त्यात मोडतं. संस्थेच्या आत आणि बाहेर, दोन्हीकडे याला मनाई आहे. म्हणजे एसटीत किंवा स्टॉपवर छळलं तरी "ते शाळेच्या गेटबाहेरचं आहे" असं म्हणून हात झटकता येत नाहीत. गुन्हा सिद्ध झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे.

आता महत्त्वाचं. या कायद्याचं कलम ६ सांगतं की विद्यार्थी, आई-वडील, पालक किंवा शिक्षक यांच्यापैकी कुणीही संस्थेच्या प्रमुखाकडे लेखी तक्रार केली, तर प्रमुखाने सात दिवसांच्या आत चौकशी करायची. तक्रारीत तथ्य दिसलं तर त्रास देणाऱ्याला निलंबित करून तक्रार लगेच पोलीस ठाण्याकडे पाठवायची. तथ्य नाही असं वाटलं, तर तसं तक्रारदाराला लेखी कळवायचं. गप्प बसणं हा पर्याय कायद्याने ठेवलेलाच नाही. कलम ७ त्याच्याही पुढे जातं. प्रमुखाने यात टाळाटाळ केली, तर त्याने गुन्ह्याला मदत केली असं मानलं जातं आणि त्यालाही तीच शिक्षा होऊ शकते.

"लेखी" हा शब्द लक्षात ठेवा. तोंडी सांगितलेलं विसरता येतं, नाकारता येतं. कागदावर शिक्का पडला की दिवस मोजले जातात.

डॉ. पायल तडवी यांच्या प्रकरणाने काय शिकवलं

हे कलम नुसतं पुस्तकात नाही. जळगावच्या डॉ. पायल तडवी या आदिवासी तडवी भिल्ल मुस्लिम समाजातल्या. मुंबईच्या नायर रुग्णालयात त्या स्त्रीरोग विषयाचं पदव्युत्तर शिक्षण घेत होत्या. २२ मे २०१९ रोजी त्यांनी आत्महत्या केली. तीन वरिष्ठ डॉक्टरांवर रॅगिंग प्रतिबंध कायदा, अॅट्रॉसिटी कायदा आणि आत्महत्येला प्रवृत्त करणं या आरोपांखाली गुन्हा दाखल झाला. त्रासाबद्दल वर सांगूनही काही झालं नाही, असं कुटुंबाचं म्हणणं होतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने तत्कालीन विभागप्रमुखांनाही आरोपी करण्याचा आदेश दिला. आरोप खरे की खोटे, हे न्यायालय ठरवेल. पण ज्याच्याकडे तक्रार गेली तो खुर्चीवरचा माणूसही जबाब द्यायला बांधील आहे, एवढं त्यातून कळलं. पायल यांच्या आई आबेदा तडवी यांनी रोहित वेमुलाच्या आई राधिका वेमुला यांच्यासोबत सर्वोच्च न्यायालयात याचिकाही केली, दुसऱ्यांच्या मुलांवर अशी वेळ येऊ नये म्हणून.

त्रास देणारा शिक्षकच असेल तर?

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार शाळेत मुलाला शारीरिक शिक्षा करायला आणि त्याचा मानसिक छळ करायला बंदी आहे. तसं करणाऱ्यावर सेवा नियमांप्रमाणे शिस्तभंगाची कारवाई होते.

ऑगस्ट २०२३ मध्ये उत्तर प्रदेशातल्या मुझफ्फरनगर जिल्ह्यात एका शिक्षिकेने वर्गातल्या मुलांना एका मुस्लिम मुलाला मारायला सांगितल्याचा व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला. तुषार गांधी सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायमूर्ती अभय ओक यांच्या खंडपीठाने २५ सप्टेंबर २०२३ रोजी राज्य सरकारला खडसावलं. केवळ विशिष्ट समाजाचा म्हणून मुलाला शिक्षा होत असेल तर तिथे चांगलं शिक्षण मिळतं असं म्हणता येणार नाही, असा त्या आदेशाचा आशय होता. न्यायालयाने मुलाचं समुपदेशन आणि त्याला चांगल्या शाळेत प्रवेश ही राज्याची जबाबदारी ठरवली. ज्या मुलांना मारायला लावलं गेलं त्यांच्याही समुपदेशनाचा विचार झाला, आणि ते कसं करावं हे सुचवायचं काम मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेला दिलं गेलं.

इथे एक बारकावा ध्यानात घ्या. शिक्षण हक्क कायदा आठवीपर्यंतच्या शिक्षणासाठी आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालानुसार तो अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना लागू होत नाही. म्हणून नववी-दहावीसाठी किंवा आपल्याच समाजाच्या संस्थेच्या शाळेत हे कलम दाखवलं तर "आम्हाला लागू नाही" असं ऐकायला मिळू शकतं. १९९९ च्या कायद्याच्या व्याख्येत अशी सूट नाही. शिवाय बाल न्याय कायदा, २०१५ चं कलम ७५ आहेच. मूल ज्याच्या ताब्यात आहे त्याने मुलाला मारलं, छळलं किंवा जाणूनबुजून दुर्लक्ष करून त्रास होऊ दिला, तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

अंगाला हात लावणं, घाणेरडे मेसेज, फोटो

असं काही असेल तर शाळेत बसून मिटवामिटवी करायचीच नाही. इज्जतीच्या भीतीने गप्पही बसायचं नाही. पोक्सो कायदा, २०१२ प्रमाणे अशा गुन्ह्याची माहिती पोलिसांना देणं बंधनकारक आहे. माहिती दडवली तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत. मुलाचं नाव आणि ओळख छापायला या कायद्याने बंदी आहे.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाला. वेळेत खबर दिली नाही म्हणून शाळेच्या जबाबदार व्यक्तींवरही पोक्सोखाली गुन्हा नोंदला गेला. २० ऑगस्टला लोक रेल्वे रुळांवर उतरले आणि दुसऱ्याच दिवशी सरकारने शाळांसाठी निर्णय काढला: सीसीटीव्ही, तक्रारपेटी, सखी सावित्री समिती, आणि अनुचित प्रकार घडल्यास २४ तासांत शिक्षणाधिकाऱ्यांना कळवणं. तुमच्या मुलाच्या शाळेत तक्रारपेटी कुठे लावली आहे, ती कोण उघडतं, सखी सावित्री समितीत कोण आहे, हे पालकसभेत विचारा.

अर्ज कसा लिहायचा

साधा कागद चालतो. वकील लागत नाही. वर "प्रति, मुख्याध्यापक" आणि शाळेचं नाव लिहा. विषयात लिहा: "माझ्या मुलाला/मुलीला होणाऱ्या छळाबाबत, महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध कायदा, १९९९, कलम ६ नुसार तक्रार." खाली मुलाचं नाव, इयत्ता, तुकडी. मग घडलेलं तारखेनुसार लिहा: कोणत्या दिवशी, कुठे, कुणी, काय बोललं किंवा केलं, कुणी पाहिलं. आधी कुणाला तोंडी सांगितलं होतं तेही लिहा. शेवटी मागणी: सात दिवसांत चौकशी करून मला लेखी कळवावं, आणि तोपर्यंत माझ्या मुलाच्या सुरक्षिततेची व्यवस्था करावी.

दोन प्रती काढा. एकीवर शिक्का, सही, तारीख आणि आवक क्रमांक घेऊन ती घरी ठेवा. कारकून अर्ज घेत नसेल तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा. मोबाइलवर धमकी आली असेल तर स्क्रीनशॉट काढा. जखम असेल तर सरकारी दवाखान्यात दाखवून कागद घ्या. अर्जात राग काढू नका. फक्त घडलेलं लिहा.

सात दिवस गेले तर वर कुणाकडे जायचं?

कशेडी घाट म्हणजे जिल्ह्यांची हद्द. म्हणून आधी शाळा कुठल्या बाजूला आहे ते बघा. शाळा पोलादपूर किंवा महाड तालुक्यात असेल तर त्या त्या पंचायत समितीचे गटशिक्षणाधिकारी, आणि त्यांच्या वर अलिबागला रायगड जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी. पहिली ते आठवीसाठी प्राथमिक विभाग, हायस्कूलसाठी माध्यमिक. शाळा खेड तालुक्यात असेल तर खेड पंचायत समिती आणि रत्नागिरी जिल्हा परिषद. तुमचं घर कुठे आहे यावर हे ठरत नाही.

पोलिसांच्या बाबतीत मात्र हद्दीचं कारण चालत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते. मग ती योग्य ठाण्याकडे पाठवणं हे पोलिसांचं काम. तातडीची वेळ असेल तर चाइल्डलाइन १०९८ किंवा ११२ लावा. मुंबईच्या महाराष्ट्र राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडेही अर्ज करता येतो. शाळा जिल्हा परिषदेची किंवा अनुदानित असेल तर माहितीच्या अधिकारात दहा रुपये भरून विचारा की माझ्या अर्जावर काय केलं. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

आपली मुलंही दुसऱ्याला छळत नाहीत ना?

हेही बोलायला हवं. उर्दू शाळेत, मदरशात, मोहल्ल्यात आपलीच मुलं कुणाला रंगावरून, जातीवरून, बापाच्या धंद्यावरून हिणवतात. सूरह हुजुरातमध्ये टिंगल करायला आणि वाईट नावांनी हाक मारायला मनाई आहे, हे मुलांना पाठ असतं. ते वागण्यातही यायला हवं. आपल्या मुलाविरुद्ध तक्रार आली तर शाळेवर धावून जाऊ नका, आधी मुलाला बसवून विचारा. १८ वर्षांखालच्या मुलाचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं, आणि तिथे भर शिक्षेपेक्षा सुधारणेवर असतो. आपल्यालाही कुणाच्या लेकराचं आयुष्य बिघडवायचं नाही. आपल्या लेकराचा त्रास थांबवायचा आहे.

आणि दुसऱ्याच्या मुलासाठी उभं राहायचं असेल तर आपल्या भागाला ते नवं नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना साताऱ्याच्या शाळेत वेगळ्या गोणपाटावर बसावं लागे आणि शिपाई नसेल तर पाणीही मिळत नसे. तो छळ वर्गातल्या मुलांपुरता नव्हता, शाळाच तो नियम म्हणून पाळत होती. याच बाबासाहेबांनी २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्यायलं. त्यानंतर सत्याग्रहींवर हल्ले झाले तेव्हा काहींना मुसलमानांच्या घरांत आसरा मिळाला. डिसेंबरच्या परिषदेला जागा मिळेना तेव्हा फत्तेखान यांनी आपली जमीन दिली. वर्गात एकट्या पडलेल्या मुलाचं नाव काहीही असो, त्याच्या आईबरोबर मुख्याध्यापकांच्या केबिनपर्यंत जाणारं कुणीतरी असलं पाहिजे. जमातीच्या बैठकीत दोन-तीन माणसं, त्यात एखादी शिकलेली बाई, या कामासाठी नेमली तर अर्ज लिहायला आणि सोबत जायला आईला कुणी शोधावं लागणार नाही.